कमानीवरचा कागद

फेरारा, ९ फेब्रुवारी २००६

प्रिय लोरेदाना,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागते. कारणं देत नाही, कारण ती मलाच पटत नाहीत. डायरी रोज लिहिली, म्हणजे वेळ होता. आणि आता लिहायला बसले तीही कामासाठी. याची लाज वाटते, पण लाजेने पत्र अडवलं तर आणखी आठ महिने जातील.

आमचं गुरुवार मंडळ तुला माहीत आहे. दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं, कुणीतरी काहीतरी वाचायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या, आणि वर्षातून एकदा सहल काढायची. सहा वर्षं चिटणीस मीच आहे, कारण वह्या नीट ठेवणारी दुसरी कुणी नाही. यंदा त्यांनी पोज्जोरीवा निवडलं. तुझं गाव. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर तुमची कमान आणि चौक छापून आला, आणि गाव म्हणे देशातल्या सुंदर गावांच्या यादीत गेलं. वांदाबाईंनी, म्हणजे आमच्या अध्यक्षीणबाईंनी, तो फोटो सगळ्यांत फिरवला आणि मला विचारलं, "दारात बसलेल्या म्हाताऱ्या खऱ्या असतील ना? गेल्या वर्षीच्या गावातल्या भाड्याने आणल्यासारख्या वाटत होत्या."

मला इतकी किळस आली की हातातला कप खाली ठेवावा लागला. घरी जाताना मात्र आठवलं की गेल्या जूनमध्ये मीही तुमच्या चौकात बसून त्याच म्हाताऱ्यांकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. वांदाबाईंच्यात आणि माझ्यात फरक काय, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

तर, अठ्ठावीस माणसं, २० आणि २१ मे, शनिवार-रविवार. बस कुठपर्यंत येते? दुपारचं जेवण कुठे होईल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझे बाबा आम्हाला कमानीखाली उभं राहून चार गोष्टी सांगतील का? गेल्या वेळी दुपारी ते तिथल्या बाकावर बसून बाकल्याच्या कोवळ्या शेंगा सोलत होते, मेंढीच्या चीजचा तुकडा मला सुरीच्या टोकावर देत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नखांत वाळलेली खळ होती. अडतीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताचा कागद त्यांनीच त्या कमानीवर चिकटवला, हे ते किती साधेपणाने सांगत होते. खळीची कृतीसुद्धा सांगितली त्यांनी मला. मैदा, पाणी आणि चिमूटभर तुरटी. "तुरटी नसली तर मेलेल्या माणसाला पंधरा दिवसांत बुरशी येते," म्हणाले. मी हसले, तर ते हसले नाहीत.

त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
नीवेस

*

पोज्जोरीवा, २ मार्च

प्रिय नीवेस,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते.

बस वर येत नाही. खालच्या वाहनतळावर थांबते. तिथून दोनशे बारा पायऱ्या आहेत, नाहीतर लिफ्ट. लिफ्टला मुताचा वास येतो आणि तो घालवायला नगरपालिकेने लव्हेंडरचा फवारा बसवलाय, त्यामुळे आता दोन्ही वास येतात. वाहनतळाच्या मागच्या भिंतीशी कचऱ्याच्या पेट्या आहेत. तुमच्या बायकांना सांग, उतरल्यावर तिकडे बघू नका.

जेवणाला चौकातल्या खाणावळीत सांगून ठेव. आधीचा मालक गेला. आताचा मालक कुठून आला ठाऊक नाही, पण प्रत्येक ताटावर ट्रफल अळंबीचा वास असलेलं तेल ओततो. त्यात ट्रफल नसतं, पण तुमचे लोक डोळे मिटून खातील. झेलिंदाच्या बेकरीत विचारू नकोस. माझं तिचं बोलणं नाही.

बघण्यासारखं काय, तर चांभाराच्या दुकानात आता रानडुकराची मुंडकी टांगलेली असतात, चष्मे घातलेली. एकाच्या तोंडात पाइप आहे. सगळ्या खिडक्यांत जिरेनियम, एकाच गुलाबी रंगाचे, कारण कुंड्या नगरपालिकेने वाटल्या. शनिवारी-रविवारी मुख्य रस्त्यावर धुणं वाळत घालायला बंदी आहे. मागच्या महिन्यात मी दारासमोर झाडत होते, तर एका माणसाने फोटो काढला. मग म्हणाला, बाई, पुन्हा एकदा झाडता का, मघाशी सावली पडली होती. मी झाडलं, नीवेस. दोनदा झाडलं. मग आत येऊन साबणाने हात धुतले, कुणाचे धुते आहे ते कळत नव्हतं.

बाबा कमानीखाली उभं राहून कुणाला काही सांगू शकणार नाहीत. तो विचार सोडून दे.

लोरेदाना

*

फेरारा, १२ मार्च

प्रिय लोरेदाना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात राग आहे. तो आमच्या मंडळावर असेल तर रास्तच आहे, आणि माझ्यावर असेल तर तो कशाचा ते मला सांग, कारण मी अंदाज करत बसले की नेहमी चुकीच्या ठिकाणी जाऊन पोचते.

बाबांचे गुडघे एवढे बिघडले असतील असं मला वाटलं नव्हतं. जूनमध्ये पायऱ्या चढताना ते माझ्या पुढे होते. सोबत अंगोरा लोकरीचे गुडघ्याचे दोन पट्टे पाठवते आहे, माझ्या आईला त्याने फार आराम पडायचा, आणि त्यांच्या आवडीच्या बडीशेपेच्या गोळ्या. त्यांना म्हणावं, उभं राहायची गरज नाही. मी खुर्ची ठेवीन. आम्ही त्यांच्याभोवती उभे राहू.

वांदाबाईंनी नवी यादी दिली आहे. सूर्यास्त कुठून बघायचा, शेवया करणारी बाई भेटेल का, आणि "गावकऱ्यांशी संवाद" असा एक तास कार्यक्रमात घालता येईल का. मी घातला. टाइप करताना बोटं बिचकली, पण घातला. दुपारी तीन ते चार.

झेलिंदाशी काय झालं? तीच ना, जिने मला गरम पाव हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत? आणि एक आठवलं. जूनमध्ये मी नगरपालिकेच्या अभिप्राय-वहीत बरंच काही लिहिलं होतं, गटारांबद्दल की कशाबद्दल. त्याचं पुढे काही झालं का?

तुझी,
नीवेस

*

पोज्जोरीवा, २९ मार्च

नीवेस,

पट्टे परत पाठवते आहे. गोळ्या ठेवून घेतल्या. बशीत काढल्या आणि मग त्या बशीचं काय करायचं ते कळेना, म्हणून आता त्या टेबलावरच आहेत.

बाबा १२ जानेवारीला वारले. दुपारी सूप पीत होते. चमचा खाली ठेवला, रुमाल घडी केला, आणि मान पुढे गेली. मला वाटलं, डुलकी लागली.

मी तुला कळवलं नाही. का, ते आज लिहीत नाही.

तुला इथली रीत अर्धीच माहीत आहे, म्हणून सांगते. इथे माणूस मेला की कमानीवर कागद लागतो. काळी चौकट, नाव, वय, आणि नावाखाली गाव त्याला ज्या नावाने ओळखतं ते, कारण खरी नावं कुणाला ठाऊक नसतात. बाबांना सगळे "खळ" म्हणायचे. कागद लागला की दुकानं अर्ध्या दिवसासाठी बंद होतात आणि सगळं गाव चर्चपासून दफनभूमीपर्यंत मागे चालतं. ज्याच्याशी भांडण आहे तोही चालतो. हाक मारावी लागत नाही, कागद हीच हाक असते.

तर, ऑक्टोबरात नगरपालिकेने ठराव केला की कमानीवर मयतांचे कागद लावायचे नाहीत. चौकातून दिसतात. नवी फळी खालच्या वाहनतळावर, मागच्या भिंतीला लावली. कचऱ्याच्या पेट्यांच्या वर, बरोबर. कमानीवरची जुनी फळी काढायला त्यांनी कुणाला बोलावलं असेल? बाबांनाच, कारण स्क्रू कुठे आहेत ते त्यांना माहीत होतं. ते गेले, फळी काढली, भिंत पुसून घेतली. मी विचारलं, काही बोलला नाहीत? म्हणाले, "काय बोलायचं? तिकडे नीट दिसणार नाही, एवढं बोललो."

नव्या फळीवर पहिला कागद त्यांचाच लागला. लावणारा ठेकेदाराचा माणूस होता, त्याने चिकटपट्टीने चार कोपरे डकवले. शनिवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा दोन कोपरे सुटून कागद खाली लोंबत होता आणि कचऱ्याच्या पेटीचं झाकण उघडं होतं. कुणीतरी भरून टाकलेल्या पिशवीतून काहीतरी पांढरट, माशाच्या सुपासारखं, वर उडालं होतं. बाबांचं आडनाव त्यात भिजलेलं होतं. मी ते हाताने पुसलं. वास दोन दिवस बोटांतून गेला नाही.

अंत्यविधीला अकरा माणसं होती. मी, पाद्री, वाहणारे चार, पेरुजाहून आलेली चुलत बहीण आणि तिचा नवरा, आणि तीन जण, ज्यांना मी ओळखतही नव्हते. सहलीला आलेले असावेत, एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. बेकरी उघडी होती. झेलिंदा काउंटरच्या मागे उभी होती आणि शवपेटी समोरून गेली तरी बाहेर आली नाही. बाबांनी तिच्या आईचा, नवऱ्याचा, आणि सातव्या महिन्यात गेलेल्या मुलाचा कागद लावला होता. अडतीस वर्षं त्यांनी या लोकांची मेलेली माणसं भिंतीवर सरळ लावली, एक कोपरा कधी वाकडा नाही. आणि यांना अर्धा तास दुकान बंद ठेवता आलं नाही. मला या गावाची शिसारी आली आहे. पाव आता मी खालच्या शहरातून आणते, औषधांच्या दुकानातलं काम सुटल्यावर. घर विकायला काढते आहे. एक बाई बघून गेली, म्हणाली स्वयंपाकघराची चूल "मोहक" आहे.

ठराव मी मागून घेऊन वाचला. कारण म्हणून एका पाहुणीचा अभिप्राय जसाच्या तसा उतरवलाय. तुला शिकलेल्या लोकांची वाक्यं आवडतात, म्हणून देते. "इतक्या देखण्या चौकात कॉफी घेताना समोर मृतांच्या नावांची भिंत दिसत राहते, गावाचे दुःख पाहुण्यांच्या नजरेआड, एखाद्या शांत जागी नेता आले, तर दोघांचाही मान राखला जाईल."

शांत जागा. पेट्या सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी उचलतात. तेव्हा सोडून शांतच असतं.

ठरावात त्या बाईचं नाव दिलेलं नाही.

लोरेदाना

*

फेरारा, ३ एप्रिल

लोरेदाना,

ती बाई मी आहे.

वाक्य वाचलं तेव्हाच कळलं, तरी मी डायरी काढून बघितली, कारण कुठेतरी आशा होती की दुसऱ्या कुणीतरी माझ्यासारखं लिहिलं असेल. ११ जून २००५, शनिवार. जे आहे ते तसंच उतरवते: "लोरेदाना दुकानात, बारापर्यंत मी मोकळी. चौकात कॉफी. समोर कमानीवर सात कागद. त्यांतली एक बाई पंचेचाळीस वर्षांची, म्हणजे माझ्याच वयाची, तिचं टोपणनाव 'चिमणी'. कॉफी अर्धी टाकली. नंतर नगरपालिकेच्या वहीत सूचना लिहिली. शेवटचं वाक्य छान जमलं."

छान जमलं, असं लिहिलंय मी. त्याखाली एक रेघही मारली आहे.

म्हणजे मी घाबरले होते. माझ्या वयाची एक बाई मेली होती आणि मला ते कॉफीबरोबर नको होतं. एवढं सरळ लिहिलं असतं तर त्याचा कुणी ठराव केला नसता. मी त्या भीतीला सभ्य कपडे चढवले आणि "दोघांचाही मान" असं म्हटलं. गावाच्या मानाबद्दल मला कुणी विचारलं होतं? आणि त्याच दुपारी मी तुझ्या बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या हातचं चीज खाल्लं, कागदांच्या गोष्टी ऐकल्या, आणि सकाळी काय लिहून आले ते माझ्या डोक्यातही आलं नाही. ती भिंत त्यांचं आयुष्यभराचं काम होतं हे ऐकत होते, आणि मला फक्त त्यांची भाषा गोड वाटत होती. वांदाबाईंच्या म्हाताऱ्यांबद्दलच्या प्रश्नावर मी नाक मुरडलं ते आठवून आता माझीच किळस येते. ही किळससुद्धा मला नीट वाक्यात मांडता येते आहे, हे बघून ती वाढते.

माझ्या पहिल्या पत्रात मी त्यांना नमस्कार सांगायला सांगितला. मग पट्टे पाठवले. तू ते उघडलेस तेव्हा काय झालं असेल, याचा विचार मी करायचा प्रयत्न करते आणि अर्ध्यात सोडते.

सहल रद्द करते आहे. मंडळाला कारण सांगेन, खरं तेच. नगरपालिकेला आजच पत्र लिहिलं की माझा अभिप्राय मागे घेते. त्याने काही होणार नाही हे मला माहीत आहे. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

नीवेस

*

पोज्जोरीवा, २४ एप्रिल

नीवेस,

मला माहीत होतं.

ठरावात नाव नव्हतं, असं मी लिहिलं ते खरंच होतं. नाव वहीत होतं. डिसेंबरात कारकुनाने वही दाखवली. पेरुजाच्या वसतिगृहात चार वर्षं तुझ्या वह्यांवरून उतरवून मी पास झाले, तुझं अक्षर मला अंधारातही ओळखू येईल. म्हणून जानेवारीत फोन केला नाही. तू आली असतीस, रडली असतीस, आणि मला तुला धीर द्यावा लागला असता. तेवढी ताकद नव्हती. आणि तू स्वतः कबूल करतेस की नाही, ते बघायचं होतं. वाक्य मुद्दाम उतरवून पाठवलं. हे काही फार चांगलं वागणं नाही, पण मला त्याची खंत नाही. आता दुसरं सांगते, ते तुझ्यापेक्षा मोठं आहे.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इथे प्रत्येक घरची बाई चीजच्या पावाचं पीठ साच्यात भरून बेकरीच्या भट्टीत भाजायला नेते. घरात जितकी माणसं तितके साचे. मी जाणारच नव्हते. पण आईचे साचे डोळ्यांसमोर होते, हात पीठ मळायला लागले, आणि एवढं फुगलेलं पीठ फेकवेना. खालच्या शहरात असली भट्टी नाही. म्हणून गेले. मान खाली घालून फळीवर साचे ठेवले.

झेलिंदाने साचे मोजले. ती नेहमी मोजते. मग म्हणाली, "दोन?"

तेव्हा मला कळलं की मी बाबांचाही भरून आणलाय. म्हटलं, "सवय."

"सवय," ती म्हणाली. "भट्टीपुरती सवय राहिली होय तुझी. त्यांना पोचवायला मात्र आम्ही कुणी नको होतो."

मी म्हटलं, "झेलिंदामावशी, तोंड सांभाळा. पेटी तुमच्या दारावरून गेली, तुम्ही जागच्या हलला नाहीत."

"कशी हलणार? तू बोलावलंस? तुझा बाप, सेत्तीमिओ, गेला हे मला त्याच संध्याकाळी कळलं. मी कमानीशी दोनदा जाऊन आले. शुक्रवारी पुन्हा गेले. कागद नाही. म्हटलं, खळीच्या घरचा कागद नाही, म्हणजे पोरीला एकटीनेच करायचंय. शिकलेली आहे, शहरात काम करते, आम्ही मागे चालायला नको असू. चाळीस पाव टाकून दिले मी त्या दिवशी. गिऱ्हाईक आलं तरी विकले नाहीत. उघडं होतं ते दुकान? दार उघडं होतं. मी तिथे उभी होते, कारण मला बसवत नव्हतं."

मी म्हटलं, कागद लावला होता. खाली, वाहनतळावर.

"कुठे?"

कचऱ्याच्या पेट्यांवर, म्हटलं.

तिला ठराव माहीत होता. फळी गेली हे सगळ्यांनी बघितलं होतं. पण माणसं अजून कमानीशीच जाऊन बघत होती, कारण मधल्या काळात कुणी मेलंच नव्हतं. खाली जाऊन बघायचं हे कुणाच्या पायांना माहीतच नव्हतं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्या बायका तर महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. तीन महिने सगळं गाव समजत होतं की मी त्यांना हाकलून लावलं, आणि मी समजत होते की त्यांनी बाबांना टाकून दिलं. तीन महिने, नीवेस. माणसं मला बघून रस्ता बदलत होती आणि मी ते निर्लज्जपणा समजत होते.

झेलिंदा पिठाच्या हातांनी माझ्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "पेट्यांवर लावला होय त्यांना, नालायकांनी." मग दोन्ही साचे भट्टीत सरकवले. बाबांचा पाव तिने ठेवून घेतला. म्हणाली, हा माझ्याकडे राहील.

ती आणि मी मिळून ठरवलंय. त्यांच्यासाठी एक प्रार्थना ठेवायची, सान बियाजो चर्चमध्ये, आणि तिथून दफनभूमीपर्यंत चालत जायचं, जानेवारीत राहून गेलं ते. तारीख २० मे, शनिवार, सकाळी अकरा. तुझीच तारीख. शनिवार मुद्दाम घेतला. चौक पाहुण्यांनी भरलेला असेल, आणि दुकानं बंद झालेली त्यांना बघू दे. कागद कमानीवर लागला तरच माणसं येतील. तोंडाने सांगून इथे कुणी येत नाही, आणि येऊही नये. नगरपालिका फाडेल. तर तो असा लागला पाहिजे की फाडता येऊ नये.

म्हणून सहल रद्द करू नकोस. तुझे अठ्ठावीस घेऊन ये. संवाद हवा होता ना त्यांना? मागे चालू देत, तोंड बंद ठेवून. आणि कागदावरचा मजकूर तू लिही. तुला वाक्यं जमतात, असं तूच लिहिलंयस. या वेळी लहान लिही.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. ते अजून व्हायचंय, होईल की नाही माहीत नाही. आधी कागद लागू दे. घराचं अजून काही ठरवलं नाही. त्या चूल-मोहक बाईचा फोन आला होता, उचलला नाही.

लोरेदाना

*

फेरारा, १७ मे

प्रिय लोरेदाना,

हे पत्र टपालात टाकत नाही. परवा, शुक्रवारी, मंडळाच्या एक दिवस आधी मी रेल्वेने येते आहे, तेव्हा हातात देईन. तोंडाने सांगायला लागले तर मी सजवून सांगेन, म्हणून लिहून आणते.

मंडळाला सगळं सांगितलं, वहीतलं वाक्यही वाचून दाखवलं. खजिनदार म्हणाले की वाक्य तसं अगदी योग्य होतं, यात नीवेसने मनाला लावून घेण्यासारखं काय आहे. इतका वेळ मला स्वतःचीच घाण वाटत होती, पण त्यांचं ऐकून वाटलं की हे बोलणं त्याहून घाण आहे, आणि पुढच्याच क्षणी कळलं की अकरा महिन्यांपूर्वी हेच ऐकून मी सुखावले असते. सात जणांनी नावं काढून घेतली, सहलीत मयत नको म्हणून. एकवीस येतील.

वांदाबाई येताहेत. त्या जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या वेळी मी वर्तमानपत्रात दिलं होतं. कोण आलं नाही ते मला आजही तोंडपाठ आहे." मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं की मागे चालताना फोटो काढले तर चालेल का. मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

कागद छापून घेतला. काळी चौकट आहे, आणि अक्षर मोठं आहे, म्हाताऱ्यांना चौकाच्या पलीकडून दिसेल एवढं. अठरा वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात "कृतज्ञ" होतं, ते काढलं. "नम्र" होतं, तेही काढलं. उरलं ते असं:

*सेत्तीमिओ फ्रातीनी*
*"खळ"*
*वय ऐंशी*
*१२ जानेवारीला घरी, जेवणाच्या टेबलाशी वारले.*
*या कमानीवर अडतीस वर्षं त्यांनी आपल्या माणसांची नावं लावली.*
*शनिवार, २० मे, सकाळी अकरा, सान बियाजो.*
*सगळ्यांनी यावं.*

"आपल्या" हा शब्द मला लिहायचा हक्क नाही, हे मला माहीत आहे. तो तुझ्या तोंडचा आहे असं समजून ठेवला. तुला नको असेल तर दुसरी प्रत आणली आहे, तीत तो नाही.

एक विचारायचं आहे. कागद मी लावू का? हे विचारताना मी पुन्हा तपासून बघितलं, की यात माझं मन हलकं करायचा डाव आहे का. आहे, थोडा. पण शिडीवर कुणीतरी चढायला हवं, आणि नगरपालिकेने विचारलं तर उत्तर द्यायला मीच बरी. वहीत माझं नाव आधीच आहे.

गेले तीन दिवस स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे खळ लावून बघते आहे. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कागद सुकला तसा कोपऱ्यांतून सुटला. आज चारही कोपरे धरले आहेत, नखाने खरवडले तरी निघत नाहीत. पण मैदा आणि पाणी एवढंच घातलंय, आणि दाराला आत्ताच ओलसर आंबूस वास येतो. बाबांनी तिसरी वस्तू का सांगितली होती ते आता कळलं.

उद्या: तुरटी आणणे.

नीवेस